चित्र आले, पत्र कोठे?

देवगाव रंगारीच्या भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर, अंथरुणास खिळलेल्या भाविकांना पवित्र कम्युनियन देण्यासाठी आम्ही महिन्यातून एकदा फिरतो. गेल्या पावसाळ्यातील अशाच एका फेरीत एका वृद्ध माउलीने प्रार्थना आटोपल्यावर आम्हांस थांबवून घेतले. तिची धाकटी कन्या धर्मभगिनी असून इटलीत वृद्धांच्या एका आश्रमात सेवा करते. नातवाने मोबाईल पुढे केला. त्यावर मावशीने पाठविलेली चाळीस-पन्नास छायाचित्रे होती. दगडी चर्च, बर्फाने झाकलेले अंगण, टेबलावर मांडलेले सणाचे जेवण, चाकांच्या खुर्चीतल्या आजीबाईजवळ हसत उभी असलेली आपली कन्या. आम्ही ती कौतुकाने पाहिली. माउली मात्र म्हणाली, "फादर, फोटू लई आले. पत्तर एक न्हाई आलं. फोटूतली पोर हसती, पण बोलत न्हाई."

घरी परतताना हे वाक्य आमच्या मनातून जाईना. परक्या मुलखात गेलेल्या माणसाने तेथील जीवन आपल्या माणसांपर्यंत पोहोचविण्याची दोन साधने आहेत: चित्र आणि पत्र. या दोन साधनांनी मराठी मुलखाचे, तसेच मराठी माणसांनी पाहिलेल्या परमुलखाचे जे दर्शन घडविले, त्याचा थोडा हिशेब मांडावा, असा आमचा या लेखातील हेतू आहे. जुने ते चांगले आणि नवे ते वाईट, असा निवाडा आम्हांस करावयाचा नाही. छायाचित्राने खोटे सांगितल्याची उदाहरणे आहेत, तशी पत्राने झाकून ठेवल्याचीही आहेत. कोणते वर्णन विश्वासास पात्र ठरते आणि कोणत्या कारणाने, एवढाच प्रश्न आहे.

आरंभ आपल्याच घरापासून करू. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशस यांनी १५४२ साली आपले सहकारी पीटर फाव्र यांना पत्रलेखनाविषयी एक सूचना केली होती. दूरदेशी गेलेल्या बंधूंनी मुख्य पत्र असे लिहावे, की ते कोणासही दाखविता येईल. त्यात लोकांच्या भक्तीस पोषक ठरेल असाच मजकूर असावा. बाकीच्या गोष्टी, म्हणजे आजार, अडचणी, मतभेद, मनातील खळबळ, या वेगळ्या चिठ्ठीवर लिहाव्यात. सूचना व्यवहारी होती. मुख्य पत्रे हातोहात फिरत, मठांत आणि विद्यालयांत वाचली जात. त्याच वर्षी मे महिन्यात गोव्यास उतरलेल्या संत फ्रान्सिस झेवियर यांची पत्रे युरोपभर अशीच वाचली गेली, आणि ती वाचून अनेक तरुण या वाटेस लागले. परंतु या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला, की दूरच्या लोकांचे चित्र मुख्य पत्रावरून ठरू लागले आणि वेगळी चिठ्ठी पेटीत राहिली. आजची मोबाईलवरची हसरी छायाचित्रे आम्हांस मुख्य पत्रासारखी वाटतात. त्या माउलीला हवी होती ती वेगळी चिठ्ठी.

आता फादर थॉमस स्टीफन्स यांचे उदाहरण घेऊ. मराठी ख्रिस्ती वाचकास त्यांचा परिचय करून देण्याची गरज नाही. परंतु 'ख्रिस्तपुराणा'च्या कर्त्यास आपण क्वचितच प्रवासी म्हणून पाहतो. हे इंग्रज येशूसंघीय ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबरला गोव्यास पोहोचले. पोहोचल्यानंतर सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी वडिलांना लिहिलेले पत्र पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले गेले. समुद्रप्रवासाचे वर्णन म्हणून हे पत्र उत्तम आहे. वारे, पक्षी, मासे, दिशा ठरविताना खलाशांची होणारी फसगत, जहाजावर पडलेले दीडशेहून अधिक आजारी आणि त्यांपैकी दगावलेले सत्तावीस जण, हे सारे त्यांनी नेटके टिपले आहे. मात्र जमिनीवर पाय ठेवल्यावर लेखणी अडखळते. येथील माणसांविषयी ते काय सांगतात? तर त्यांचा सावळा वर्ण, त्यांचे ओठ आणि नाक. माडाचे आणि नारळाचे वर्णन माणसांच्या वर्णनापेक्षा अधिक आत्मीयतेने उतरले आहे. सतरा दिवसांच्या पाहुण्याकडून याहून अधिक अपेक्षा करणेही अन्यायाचे होईल. डोळ्यांना जेवढे दिसते तेवढेच त्याने लिहिले. त्या काळी कॅमेरा असता, तर त्याने टिपले असते तेही एवढेच.

चार वर्षांनी, ऑक्टोबर १५८३ मध्ये, त्यांनी रिचर्ड या आपल्या भावास पत्र लिहिले. आता ओठ आणि नाक मागे पडले आहेत. लेखक सांगतो तो येथील भाषांविषयी: त्या गोड आहेत, आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती आहे. या चार वर्षांत नेमके काय घडले? पाहुणा ऐकू लागला. ज्याचा चेहरा पाहिला होता त्याचे बोलणे कानी पडू लागले, आणि बोलणे कानी पडताच वर्णाची नोंद निरर्थक झाली.

तिसरा टप्पा १६१६ सालचा. राशोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ, आणि भाषा मराठी. सदतीस वर्षांपूर्वी हा मनुष्य आपल्या घरच्यांना आमच्याविषयी लिहीत होता. आता तो आमच्याशीच बोलत होता, आमच्याच छंदात. आमच्या मते परक्या समाजाच्या कोणत्याही वर्णनाची खरी कसोटी येथे सापडते. ज्याच्याविषयी लिहिले त्याच्यासमोर उभे राहून तेच वाचून दाखविता येईल काय? १५७९ च्या पत्रातील ओठ-नाकाचे वाक्य साष्टीच्या एखाद्या गावकऱ्यास वाचून दाखविणे अवघड गेले असते. पुराण मात्र त्याच गावकऱ्यांसमोर पिढ्यान् पिढ्या वाचले गेले.

येथे सत्य झाकून चालणार नाही. स्टीफन्स पोर्तुगीज सत्तेच्या छायेत वावरले. ज्या साष्टीत त्यांनी आयुष्य वेचले, तेथील देवळे ते येण्यापूर्वी, १५६७ साली, पाडली गेली होती. एका मनुष्याचे भाषेवरील प्रेम त्या घटनेस पुसून टाकीत नाही. पण त्या काळातही ऐकण्याचा मार्ग मोकळा होता आणि एक मनुष्य त्या मार्गाने गेला, एवढे निश्चित म्हणता येते.

यानंतर कॅमेऱ्याकडे वळू. मुंबईत १८५० नंतरच्या दशकात छायाचित्रण रुजले आणि विल्यम जॉन्सन या इंग्रजाने मुंबईतील नाना जातीजमातींची छायाचित्रे घेतली. त्यांचा दोन भागांतील ग्रंथ १८६३ आणि १८६६ साली लंडनमध्ये निघाला. पानोपानी प्रभू, ब्राह्मण, मेमण, वैष्णव महाराज, अशा मथळ्यांखाली माणसे उभी अथवा बसलेली दिसतात. वस्त्रे, पागोटी, दागिने स्पष्ट आहेत आणि वेशभूषेचा इतिहास लिहिणाऱ्यास हा ठेवा अमोल आहे. परंतु या चित्रांत एक गंमत आहे, आणि ती जाणून घेतल्यावर चित्रांकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. त्यांतील बऱ्याच चित्रांत माणसे एका ठिकाणी टिपली आहेत आणि मागचे दृश्य दुसऱ्या ठिकाणचे आहे. दोन छायाचित्रे जोडून एक केले आहे. देवळासमोर उभे असलेले मंडळ त्या देवळासमोर कधी उभे राहिलेच नाही!

आम्ही याला फसवणूक म्हणत नाही. त्या काळच्या यंत्राच्या मर्यादा मोठ्या होत्या. आक्षेप आहे तो दुसऱ्याच गोष्टीला. मथळ्यात जात आहे, नाव नाही. जो मनुष्य कॅमेऱ्यासमोर श्वास रोखून बसला, त्याला नाव होते, घर होते, त्या दिवशी कदाचित त्याचे मूल तापाने फणफणत होते. ग्रंथात तो केवळ नमुना म्हणून उरला. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारने भारतातील लोकांविषयीचा आठ खंडांचा ग्रंथ काढला. त्यात साडेचारशेहून अधिक छायाचित्रे आहेत, आणि त्याचीही तऱ्हा तीच. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात पाने चिकटवावीत तशी माणसे चिकटविली आहेत. राज्यकर्त्यास प्रजेची यादी हवी असते. यादीला संबोधन नसते.

आमच्या गावाहून जवळच वेरूळ आहे आणि पलीकडे अजिंठा. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवीत राहिले. वर्षानुवर्षे खपून त्यांनी केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक डिसेंबर १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. उतारवयात त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके १८६४ साली प्रसिद्ध झाली. १८७९ साली त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर भुसावळला आहे. गिल यांची चिकाटी वंदनीय आहे. पण लेण्यांच्या त्या काळच्या छायाचित्रांत आमच्या परिसरातील माणूस दिसतो तो बहुधा खांबाशेजारी. खांब किती उंच आहे हे कळावे म्हणून त्याला तेथे उभे केलेले असते. दगडाचे माप काढण्यासाठी माणसाची काठी केली जाते. वेरूळला आजही प्रवासी येतात आणि त्यांच्या चित्रांत आमची माणसे अशीच कोपऱ्यात येतात, हे पाहिले की दीडशे वर्षांत यंत्र तेवढे बदलले असे वाटते.

याच्या उलट ज्याच्याकडे बोट दाखवावे असे एक छायाचित्र आहे. १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात ते घेतले गेले. तीन स्त्रिया आपापल्या देशीच्या वेषात बसल्या आहेत: आपल्या आनंदीबाई जोशी, जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या इस्लांबुली. त्यांनाही 'नमुना' म्हणून पाहण्याचा मोह पाहणाऱ्यांना झाला असेलच. पण चित्राखाली तिघींची नावे आणि गावे लिहिलेली आहेत. तेवढ्याने चित्र बोलू लागते. टोकियो, दमास्कस आणि श्रीरामपूर. बंगालमधील हे श्रीरामपूर, जेथे गोपाळरावांची नोकरी होती आणि जेथून आनंदीबाई निघाल्या.

या छायाचित्राच्या मागे पत्रांची एक साखळी आहे, हे विसरता कामा नये. पत्नीस शिकविण्याची इच्छा असलेल्या गोपाळराव जोश्यांनी एका अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिले. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याशिवाय साहाय्याची आशा नाही, असे उत्तराचे तात्पर्य होते. गोपाळरावांनी ती अट मानली नाही. तो पत्रव्यवहार अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापला गेला. न्यू जर्सी राज्यातील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. त्यांनी अनोळखी मुलीला पत्र लिहिले, आणि वर्षांमागून वर्षे पत्रे जात-येत राहिली. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई निघाल्या तेव्हा सागरापार त्यांचे घर तयार होते. मिशनने जेथे अट घातली तेथे एका गृहिणीने पत्र घातले. आम्हां धर्मगुरूंनी या घटनेचे मनन करावे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत विसावल्या. पत्राने जोडलेले नाते कोठवर जाते, याचे याहून मोठे प्रमाण आमच्या वाचनात नाही.

ज्या एप्रिल महिन्यात आनंदीबाई निघाल्या, त्याच महिन्यात पंडिता रमाबाईही मुंबईहून इंग्लंडला निघाल्या. रमाबाई आपल्या ख्रिस्तसभेच्या नव्हत्या; त्यांचा बाप्तिस्मा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इंग्लंडच्या अँग्लिकन पंथात झाला. त्यामुळे आपल्या घरांतून त्यांचे नाव आदराने घेतले जाते, परंतु ग्रंथ वाचले जात नाहीत. ही मोठी उणीव आहे. 'इंग्लंडचा प्रवास' हे त्यांचे छोटे पुस्तक मुळात सदाशिव पांडुरंग केळकर यांना लिहिलेले पत्र होय. एका मराठी स्त्रीने विलायतेच्या वाटेवरून आपल्या माणसाला लिहिलेले हे पत्र १८८३ सालीच छापून निघाले. त्यानंतरचा मोठा ग्रंथ म्हणजे १८८९ चा 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. आनंदीबाईंच्या पदवीदान समारंभास हजर राहण्यासाठी फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई लहानग्या मनोरमेसह अमेरिकेस निघाल्या. ११ मार्चला समारंभ झाला. आठवडे काढण्यासाठी गेलेल्या रमाबाई तेथे पावणेतीन वर्षांच्या आसपास राहिल्या.

या ग्रंथाचे नावच नीट वाचावे. आधी लोकस्थिती, मग प्रवासवृत्त. प्रवासी सहसा स्वतःपासून आरंभ करतो: मी गेलो, मी पाहिले, मला थंडी वाजली. रमाबाईंनी 'मी'ला दुसऱ्या जागी बसविले. राज्यव्यवस्था, घरे आणि घरातील रीतिभाती, शिक्षण, धर्मसंस्था, स्त्रियांची स्थिती, व्यापार-उद्योग, अशी प्रकरणे त्या क्रमाने लावतात. हिवाळा, बर्फ, नायगाऱ्याचा धबधबा यांचे वर्णन आहे, पण ते जेवणातील लोणच्याइतके. त्यांचे खरे कुतूहल एका प्रश्नावर केंद्रित आहे: या देशातील स्त्रिया एकत्र येऊन काम कसे करतात? दारूबंदीसाठी झटणाऱ्या स्त्रियांच्या संघटना आणि त्यांच्या नेत्या फ्रान्सिस विलर्ड यांच्याविषयी त्या लिहितात तेव्हा लेखणी तापते. घरात बसून राहिलेल्या मराठी वाचक स्त्रीला त्या जणू हात धरून सभागृहात नेतात.

ग्रंथाचे बळ आम्हांस तीन गोष्टींत दिसते. पहिली, मुक्काम. थोडे दिवस राहून परक्या लोकांविषयी ठाम मते लिहिणाऱ्या पाश्चात्त्य प्रवाशांचा जाच आपल्या देशाने सोसला आहे, याची रमाबाईंना जाण आहे. म्हणून त्या स्वतःच्या निरीक्षणाविषयी सावध आहेत. दुसरी, संबोधन. ग्रंथ मराठीत आहे. त्यांचा इंग्रजी ग्रंथ १८८७ सालीच अमेरिकेत प्रसिद्ध झाला होता आणि इंग्रजीत त्यांना वाचक भरपूर होते. तरी अमेरिकेचे वर्णन त्यांनी आपल्या माणसांसाठी, आपल्या भाषेत केले. वाचक डोळ्यांसमोर असल्यामुळेच त्यांच्या उपमा घरच्या राहतात. तिसरी, निःपक्षपात. ज्या देशाने त्यांना मान दिला, शारदा सदनासाठी पैसा उभा केला, त्या देशात कृष्णवर्णीयांना मिळणारी वागणूक आणि मूळ रहिवाशांची झालेली परवड त्या लपवीत नाहीत. उपकारकर्त्याचे दोष लिहिणे सोपे नसते. मुख्य पत्र आणि वेगळी चिठ्ठी ही दोन्ही रमाबाईंनी एकाच पुस्तकात बांधली, असे आम्ही म्हणू.

दोष नाहीत असे नव्हे. रमाबाईंची अमेरिका ही बऱ्याच अंशी सुशिक्षित, सुखवस्तू, सभा-संमेलने भरविणाऱ्या स्त्रियांची अमेरिका आहे. ज्यांच्या घरी त्या उतरल्या, त्यांच्या खिडकीतूनच त्यांनी रस्ता पाहिला. गिरणीत राबणारी, नुकतीच बोटीवरून उतरलेली गरीब स्त्री त्यांच्या पानांत अंधुक दिसते. शिवाय स्वदेशातील उणिवा दाखविण्याच्या भरात त्या कधी कधी परदेशाचा आरसा जरा जास्तच चकचकीत करतात. परंतु त्या आरशाचा हेतू लक्षात घ्यावा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले आणि त्याच वर्षी हे पुस्तक निघाले. पाहून आल्यावर काय करावयाचे हे ठरवून टाकलेल्या स्त्रीचे हे पाहणे आहे. निष्क्रिय कौतुकापेक्षा असा पक्षपात आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो.

इतके दुसऱ्यांविषयी लिहिल्यावर स्वतःविषयी न लिहिणे भ्याडपणाचे होईल. पंचवीसएक वर्षांपूर्वी आम्ही याच परिसरात साहाय्यक धर्मगुरू असताना परदेशातून एक पाहुणे आले. त्यांच्याकडील दानशूर मंडळींसाठी निघणाऱ्या पत्रिकेत छापण्यास छायाचित्रे हवी होती. वस्तीवर आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पाहुणे येणार म्हणून नाताळचा नवा सदरा घालून दारात उभा होता. पाहुण्यांनी आमच्याकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत. बोलण्याची गरजच पडली नाही. आम्हीच त्या मुलाला सांगितले, "बाळा, हा सदरा काढून ये, जुना घालून ये." तो गेला आणि आला. चित्र निघाले. शाळेच्या खोलीसाठी पैसे मिळाले. खोली उभी आहे, तिच्यात मुले शिकली, हेही खरे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, संभाजीनगरला नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी तो आम्हांस भेटावयास आला. जुन्या कागदांत ती पत्रिका त्याच्या हाती लागली होती. त्याने ती टेबलावर ठेवली. रागावलेला नव्हता. त्याने एवढेच विचारले, "फादर, त्या वर्षी आईनं मजुरीचे पैसे साठवून सदरा घेतला होता. तो काढायला का सांगितलं?" आम्हांजवळ उत्तर नव्हते. खोलीचे कारण सांगता आले असते. तोंडातून निघाले नाही.

ल्योंमध्ये १८६८ पासून मिशनच्या बातम्यांचे साप्ताहिक निघू लागले आणि दूरदूरच्या मिशनऱ्यांची पत्रे सचित्र छापली जाऊ लागली. तेव्हापासून आजवर अशा नियतकालिकांनी असंख्य शाळा, दवाखाने, अनाथालये उभी केली आहेत. त्या ऋणातून आमचा परिसरही मुक्त नाही. पण या सर्व सत्कार्याच्या पायाशी किती सदरे काढून ठेवलेले आहेत, हे कोणी मोजले? जॉन्सन यांनी माणसांच्या मागे दुसरे देऊळ जोडले. आम्ही माणसाच्या अंगावर दुसरे कपडे चढविले. दोहोंत फरक असेल, तर तो आमच्या बाजूने अधिक लाजिरवाणा आहे. कारण आम्हांस त्या मुलाचे नाव ठाऊक होते, त्याचा बाप्तिस्मा आमच्या नोंदवहीत होता. मथळ्यात मात्र नाव नव्हते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. परक्या जीवनाचे कोणते दर्शन विश्वसनीय? वरील उदाहरणांतून आम्हांस जे हाती लागले ते असे: जेथे पाहणाऱ्याने मुक्काम केला आहे, जेथे पाहिलेल्या माणसाला नाव आहे, जेथे सांगणाऱ्यासमोर ऐकणारा स्पष्ट आहे, आणि जेथे वर्णिलेल्या माणसासमोर तेच वर्णन निःसंकोच ठेवता येते, ते दर्शन टिकते. साधन चित्र असो वा पत्र. आनंदीबाईंचे छायाचित्र या कसोटीस उतरते. स्टीफन्स यांचे पहिले पत्र उतरत नाही. आम्ही काढविलेले चित्रही उतरत नाही. तरीही पत्राकडे एक गोष्ट अधिक आहे, ती म्हणजे संबोधन. 'प्रिय आई' असे लिहिल्यावर मनुष्यास फार खोटे बोलता येत नाही. संत पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिताना तुम्हीच आमचे पत्र आहात, अशा अर्थाचे उद्गार काढले. माणसे हीच ज्याची पत्रे होती, त्याने माणसांना नमुना कधीच केले नसते.

आपल्या धर्मग्रामांतील किती तरी घरांतून आज मुलेमुली दूर गेली आहेत: कोणी धर्मभगिनी, कोणी परिचारिका, कोणी आखातात कारागीर. त्यांची छायाचित्रे क्षणात येतात आणि दुसऱ्या क्षणी नव्या छायाचित्रांखाली दडपली जातात. आमची विनंती साधी आहे. चित्र पाठवा, पण त्याबरोबर चार ओळी लिहा. चित्रात कोण आहे त्याचे नाव लिहा. जे चित्रात आले नाही तेही लिहा. आणि घरच्यांनो, आलेली पत्रे जपा. त्यांतून निवडक मजकूर या त्रैमासिकाकडे पाठविता आला तर आपल्या समाजाचा इतिहास आपल्याच हातून लिहिला जाईल. दुसऱ्या कोणी येऊन आपले चित्र काढण्याची वाट पाहावी लागणार नाही.

त्या माउलीचे काय झाले, ते सांगून लेखणी आवरतो. आम्ही तिच्या कन्येस आईचे शब्द जसेच्या तसे कळविले. महिन्याभरात चार पानांचे पत्र आले, हाताने लिहिलेले. पुढच्या फेरीत आम्ही ते वाचून दाखविले. चित्रातील त्या खुर्चीतल्या आजीबाईंचे नाव त्यात होते. त्या आपल्या कन्येला स्वतःच्या मृत मुलीच्या नावाने हाक मारतात आणि कन्या ओ देते, असे लिहिले होते. थंडीने हात फुटतात, भाकरीची आठवण येते, पहिल्या हिवाळ्यात रोज रात्री रडू येई, हेही होते. वाचताना आमचा आवाज एकदोनदा थांबला. माउली मात्र शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "पुन्यांदा वाचा, फादर." दुसऱ्या वाचनानंतर तिने नातवाकडून कागद-पेन मागविले आणि आम्हांस लिहून घेण्यास सांगितले. पहिले वाक्य होते: त्या म्हातारीला म्हणावं, तुझी खरी आई देवगावला हाय, तिनं नमस्कार सांगितलाय.

आम्ही ते तसेच लिहिले.